माशातला जंत लिंबा-मिठाने मरत नाही

संपादक महोदय,
समुद्रातला मासा चिरताना काळजावर पांढरी बारीक गुंडाळी वळवळताना दिसली, की ‘सडका निघाला’ म्हणून तो फेकून दिला जातो. सडक्या माशावर पडतात त्या माशीच्या अळ्या, त्या बाहेरून येतात. हा गोलकृमी मात्र मासा धडधाकट पोहत असतानाच त्याच्या पोटात शिरलेला असतो.

त्यातला सर्वांत त्रासदायक ॲनिसाकिस. व्हेल-डॉल्फिनच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात येतात, अळी आधी कोळंबीसारख्या बारीक कवचधारी जीवांत जाते आणि त्यांना खाणाऱ्या माशांत मुक्काम करते. साधारण 2-3 सेंटिमीटरची ही अळी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळे घालून यकृतावर, आतड्यांभोवती पडून असते. मासा मेल्यावर त्यातल्या काही पोटालगतच्या मांसात घुसू शकतात. म्हणून पकडल्याबरोबर पोट साफ करून मासा बर्फात ठेवणे, हाच पहिला उपाय. काढलेली घाण परत समुद्रात टाकू नये. दुसरे मासे ती खातात आणि अळ्याही त्यांच्यात जातात.

पोटाकडची पातळ पट्टी उजेडासमोर धरली तर वेटोळे दिसते. पाठीच्या जाड मांसातले दिसत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नये.

सर्वांत घातक समज लिंबाचा. आंबटाने मांस पांढरे पडते, शिजल्यासारखे दिसते, पण अळी जिवंतच राहते. जठरातल्या आम्लात तग धरणाऱ्या अळीचे लिंबू किंवा व्हिनेगर काय वाकडे करणार? हलक्या मिठाचेही तेच. शिजवताना सर्वांत जाड भागाच्या गाभ्यात 60 अंश सेल्सिअस तापमान किमान एक मिनिट राहिले पाहिजे. कच्चा खायचा असेल, तर उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 अंशांवर पूर्ण गोठल्यानंतर 15 तास. सतत उघडझाप होणारा घरचा फ्रीझर बहुधा एवढा थंड राहत नाही. नेदरलँड्समध्ये 1968 मध्ये हेरिंग हा मासा गोठवणे सक्तीचे झाले आणि रुग्ण झपाट्याने घटले.

कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळा आल्या, तर कच्चा मासा खाल्ल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुर्बिणीतून चिमट्याने अळी काढता येते. अंगावर गांधी उठत असतील तर गोष्ट वेगळी: मेलेल्या अळीतली काही प्रथिने उष्णतेलाही दाद देत नाहीत, त्यामुळे ॲलर्जी असलेल्याला शिजवलेला मासाही बाधू शकतो.

मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसल्या, तर त्या बहुधा शार्क-पाकटांत वाढणाऱ्या फीतकृमींच्या असतात. त्या माणसात वाढत नाहीत. तेवढा भाग कापून टाकावा, मासा वाया घालवू नये.

कच्चा खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या माशाच्या पाकिटावर ‘ताजा’ एवढेच लिहून भागणार नाही. तो किती अंशांवर, किती तास गोठवला, हे ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे व्हावे.

– मत्स्यपरजीवींचे अभ्यासक