बाळाचे कपडे, डांबर गोळ्या आणि जीसिक्सपीडीची टेस्ट

मा. संपादक,
स.न.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हल्ली ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या तिखट रेणूंचा पेशींवर जो ताण पडतो त्यावर, बरंच येतं, सुरकुत्या, पिकलेले केस, आवळा, डाळिंबाचा रस, ग्रीन टी वगैरे. ते छापा, पण हाच स्ट्रेस चार-पाच दिवसांच्या बाळाच्या रक्तात काय करतो त्यावर कुणी लिहीत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, अशा बाळांचे रिपोर्ट हातातून गेलेत आणि बऱ्याचदा हे सगळं टाळता आलं असतं म्हणून लिहितेय.

आपल्याकडे बाळाला पहिले दिवस नवीन कपडे घालत नाहीत. मोठ्या भावंडाची झबली, आजीच्या लुगड्याची दुपटी, जुनी गोधडी, हे सगळं मऊ असतं त्यामुळे पद्धत चांगलीच आहे. पण ते ट्रंकेत नाहीतर माळ्यावर वर्षानुवर्षं डांबर गोळ्या टाकून ठेवलेलं असतं आणि बाळंतपणाच्या धावपळीत नुसतं झटकून बाळाला गुंडाळतात. बऱ्याच गोळ्या नॅफ्थलीन नावाच्या रसायनाच्या असतात, त्याची वाफ बाळाच्या श्वासातून आत जाते, कातडीतूनही जाते, आणि अंगाला तेल चोळलेलं असेल तर अजून सहज जाते.

आता रक्तात काय होतं बघा. लाल पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहतात, त्यात थोडं हिमोग्लोबिन रोजच बिघडतं आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असले तिखट रेणू तयार होतात. हे सगळ्यांच्याच शरीरात चालतं, आपल्या पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला हेच रेणू मुद्दाम बनवतात, त्यामुळे ते आपले शत्रूच आहेत असं नाही. लाल पेशीत ते निस्तरायचं काम ग्लुटाथायॉन नावाचं द्रव्य करतं आणि ग्लुटाथायॉनला पुन्हा कामाला लावायला जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम लागतं. बाकी पेशींना दुसरे मार्ग असतात, लाल पेशीला ना केंद्रक ना ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया, तिचा हा एकच आधार. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः कमी असतं त्यांच्या पेशी एरवी व्यवस्थित चालतात, पण नॅफ्थलीनसारखं काही आत गेलं की हिमोग्लोबिनच्या गाठी होतात आणि पेशी भराभर फुटतात. लघवी कोका-कोलासारखी गडद होते, हिमोग्लोबिन उतरतं. नवजात बाळाचं लिव्हर अजून कच्चं असतं, फुटलेल्या पेशींपासून बनणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, त्याला आवरत नाही आणि कावीळ इतकी चढते की ती मेंदूपर्यंत पोचू शकते. मग बाळ वाचलं तरी बहिरेपण किंवा हातापायांच्या हालचालींचा दोष जन्मभर राहू शकतो.

हा दोष दुर्मिळ नाही, जगात ४० कोटींच्या आसपास लोकांत आहे असं धरतात. तो एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलग्यांना एक्स एकच असतो म्हणून त्यांच्यात जास्त दिसतो, आणि जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया राहिला तिथे जास्त सापडतो, कारण अशा पेशीत मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत प्रमाण जास्त आढळलंय. आणि इथेच दुसरी अडचण येते. व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार पुन्हा उलटू नये म्हणून १४ दिवस प्रायमाक्विन नावाचं औषध देतात, ते याच लोकांच्या पेशी फोडू शकतं. जीसिक्सपीडीचा दोष सापडला तोच मुळात १९५६ साली अमेरिकेत, प्रायमाक्विन सहन न होणाऱ्या लोकांचं रक्त तपासताना. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात गोळी हातात द्यायच्या आधी ही तपासणी होणं किती गरजेचं आहे हे वेगळं सांगायला नको.

सिंगापूरमध्ये १९६५ पासून जन्मतःच नाळेच्या रक्तावर ही टेस्ट करतात. आपल्याकडे ती कुठे होते, कुठे होत नाही, आणि झाली तरी रिपोर्ट फाईलमध्ये पडून राहतो, आईला कुणी समजावून सांगत नाही. माझं म्हणणं इतकंच की प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात डिस्चार्जच्या आधी ही टेस्ट व्हावी आणि दोष निघाला तर कुठली औषधं, कुठल्या वस्तू टाळायच्या त्याचं मराठी कार्ड आईच्या हातात मिळावं. आशाताई तिसऱ्या दिवशी घरी येतातच, त्यांनी वजन-ताप बघताना कपडे कुठून काढले एवढं विचारलं तरी खूप काम होईल. गोळ्यांच्या पाकिटावर बाळाच्या कपड्यात ठेवू नका असं मोठ्या मराठी अक्षरात छापणं कंपन्यांना सक्तीचं करा.

तोपर्यंत घरच्यांनी बाळाच्या कपड्यांत गोळ्या टाकूच नयेत, कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड चालतं. आधीच टाकल्या असतील तर कपडे बाळ यायच्या बऱ्याच आधी काढून धुऊन कडक उन्हात घाला आणि वास येत असेल तर वापरू नका, एन्झाइम व्यवस्थित असलेल्या बाळालाही जास्त नॅफ्थलीन सोसत नाही. आणि एक, लाल पेशी फुटत असताना केलेली टेस्ट कधीकधी नॉर्मल येते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या. बाळ पिवळं दिसलं तर उन्हात धरून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि कपड्यांत गोळ्या होत्या का ते आपणहून सांगा.

आपली,
एक वाचक, सांगली