पान उलटण्याआधी थांबणाऱ्या सरांना

सर,

नाव लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं सर.

परवा कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं पंधरावं, शेवटचं अधिकरण वाचून झालं. देवळाली कॅम्पातून परत येताना पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला अचानक घसा दाटून आला. सिग्नल सुटला तरी मी तसाच उभा, मागून हॉर्नवर हॉर्न. तेव्हाच ठरवलं, हे लिहायचंच.

तुम्हाला माहीत नाही, तुमच्याआधी मी युद्धनीती शिकायला नाशिक शहरातल्या एका अभ्यासवर्गात पैसे भरून गेलो होतो. तिथे काय मिळालं? जुना चिनी युद्धशास्त्रकार सन त्झू याची दहा सूत्रं, धंद्यात कशी वापरायची, अशी झेरॉक्स. मूळ पुस्तक बघू का विचारलं तर आधी माझ्या हातांकडे पाहिलं गेलं. ‘धुऊन या.’ अंबडच्या कारखान्यात बारा वर्षं सीएनसी मशीनवर उभा आहे, साहेब, नखांच्या कडेला बसलेलं काळं साबणाने जात नाही. धुऊन आलो तोवर पुस्तक कपाटात होतं. वर सल्ला: तुम्ही शिवचरित्र वाचा ना, हे जड जाईल. (शिवचरित्र सोपं असतं असं वाटणाऱ्यांनी ते वाचलंय की नाही, देव जाणे.)

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तसाच. टेबलावर थ्युसिडिडीज, म्हणजे त्या ग्रीक इतिहासकाराचं युद्धावरचं पुस्तक, उघडा होता आणि मी हात मांडीखाली दाबून बसलेला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. खुर्ची माझ्या शेजारी ओढलीत, पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलंत आणि पानं स्वतः उलटू लागलात. माझं इंग्रजी ओठ हलवत वाचण्यातलं. प्रत्येक पान संपताना तुम्ही कोपरा बोटात धरून थांबायचात, माझ्याकडे एकदा बघायचात, मी मान हलवली की मगच उलटायचात. चार पानांना तासभर लागला. त्या तासात एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. आयुष्यभर तोफखान्यात काढलेला माणूस एका ऑपरेटरसाठी पानाचा कोपरा धरून बसतो, हे मी घरी सांगितलं तर बायकोला खरं वाटेना.

ती चार पानं अथेन्सच्या सिसिली बेटावरच्या स्वारीची होती. इसवी सनापूर्वी ४१५. अथेन्सच्या सभेने ६० जहाजांचा ठराव केलेला, त्यांचा सेनापती निकियस, त्याला मोहीम नकोच होती. लोक घाबरून माघार घेतील म्हणून त्याने भलंमोठं सैन्य मागितलं, आणि लोकांनी ते आनंदाने मंजूर केलं! मी म्हटलं, आमच्याकडे असंच होतं. सुपरवायझरला ऑर्डर नको असते म्हणून तो दुप्पट माणसं मागतो, वरून ती मिळतात, मग नाही म्हणायला तोंड उरत नाही. तुम्ही हसलात आणि समासात पेन्सिलने लिहिलंत: ‘अंबडचा सुपरवायझर’. दोन वर्षांनी ते सैन्य सिसिलीतच संपलं.

पानिपतही तुम्ही असंच उलटं शिकवलंत. १४ जानेवारी १७६१ पासून सुरू करू दिलं नाहीत. विश्वासराव कधी पडले, भाऊ कुठे दिसेनासे झाले, हे आम्हाला पाठ; पण अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीकडे का गेला, जाटांचा राजा सूरजमल आपली साथ सोडून का निघून गेला, हे विचारल्यावर सगळे गप्प. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली, डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली. ‘आता सांगा, १४ जानेवारीला ठरायचं काय राहिलं होतं?’ मला अजून पूर्ण पटलेलं नाही, सर. दुपारपर्यंत पारडं आपल्याकडे होतंच. यावर भांडण बाकी आहे.

दिंडोरी रोडने जाताना आता रामशेज नुसता डोंगर दिसत नाही. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला आणि एवढ्याशा किल्ल्याने तिला वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं. बादशहाने यापायी काय काय खर्ची घातलं, याचा हिशेब मी गाडी चालवताना करतो.

शिकलेली माणसं खूप भेटली. समोरच्याला लाज वाटू न देता शिकवणारी मोजकीच असतात, आणि ती बहुधा कसला बोर्ड लावत नाहीत.

एक कबुली राहिली. घरी वाचायला दिलेल्या थ्युसिडिडीजमध्ये, तुमच्या त्या पेन्सिलीच्या ओळीशेजारीच माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उठलाय. खोडरबर लावून पाहिला, आणखी पसरला. शनिवारी पुस्तक घेऊन येतो.

तुमचा,
अंबडचा ऑपरेटर