चोरखिसा शिवून घ्या

स्टुटगार्ट, १९ एप्रिल

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

व्हिसाच्या पानाचा फोटो मिळाला. बाबा, त्यातला तुमचा चेहरा बघून नात विचारत होती, आजोबा रागावलेत का? तिला सांगितलं, फोटोवाल्याने हसू नका म्हटलं असणार, आणि आजोबा सांगितलेलं ऐकतात. आजी ऐकत नाही. म्हणून हे पत्र. आई, फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू "हो गं, कळलं" म्हणतेस आणि गवारीच्या भावाकडे वळतेस. कागदावरचं निदान बाबा मोठ्यानं वाचतील, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे दोनदा वाचतील.

परवा तू म्हणालीस, "पाटल्या घालूनच येते. कुठं लॉजवर उतरायचंय? गाडीतच तर राहायचंय, घरच्यांबरोबर." त्या "गाडीतच" वर मी अडकले.

आपण जिच्यातून स्पेनला फिरायला जाणार ती गाडी तुम्ही फोटोत बघितलीय. सात मीटर लांब, भरल्यावरही साडेतीन टनांच्या आत ठेवावी लागते, कारण त्यापुढं आमचं साधं लायसन्स चालत नाही. पुढचं तोंड फियाट डुकाटोचं, मागं पलंग, ओटा, फ्रिज, संडास. चाकांवरचं वन आरके म्हण. आत बसलं की घरात बसल्यासारखं वाटतं, आणि गोम तिथंच आहे. घर वाटतं म्हणून माणूस घरच्यासारखा वागतो. पर्स खुंटीला, मोबाइल ओट्यावर, अंगठी बेसिनच्या कडेला. पण घराला विटांच्या भिंती असतात. या गाडीच्या राहायच्या भागाच्या खिडक्या काचेच्यासुद्धा नाहीत, ॲक्रिलिकच्या आहेत, आणि आतून प्लास्टिकच्या कड्या. हवेसाठी खिडकी बोटभर उघडी ठेवून कडी अडकवायची एक सोय असते. गेल्या पावसाळ्यानंतर ही गाडी जुन्या बाजारातून घेतली, तेव्हा जावयांनी ती खिडकी तशी लावली, खाली उतरले, आणि तू पाठवलेलं डोशाचं उलथनं फटीतून घालून कडी सरकवून दाखवली. मी दहा आकडे मोजायच्या आत खिडकी वर. उलथन्याला ओरखडासुद्धा नाही.

आता जे फोनवर सांगता येत नव्हतं ते सांगते. बाबा, तुमचं एचएमटी घड्याळ दुरुस्तीला दिलेलं नाही. ते चोरीला गेलं. दोन वर्षं झाली.

तेव्हा भाड्याची गाडी घेऊन स्पेनला निघालो होतो. बार्सिलोनाच्या अलीकडे एपी-७ हमरस्त्यावरच्या थांब्यावर डिझेल भरलं, पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि निघणार, तेवढ्यात बऱ्या कपड्यांतला एक माणूस काच वाजवून मागच्या चाकाकडे बोट दाखवू लागला. भर दुपार, आजूबाजूला कुटुंबं सँडविच खात बसलेली. जावई उतरले. चाक खरंच बसलं होतं. तो माणूस वाकून बघतोय, मोडक्या इंग्रजीत जॅक कुठाय विचारतोय, चांगला पाच मिनिटं मदत करतोय. मी मागं पोरीचा डायपर बदलत होते. पुढचं दार वाजलं, मला वाटलं हेच आले. वळून बघितलं तर दार सताड उघडं आणि सीटवरची पर्स नाही. बाहेर आले तर मदत करणाराही नाही. टायरच्या कडेला बोटभर चीर होती. आम्ही पाणी घ्यायला आत गेलो तेव्हाच ती मारली असणार, असं पोलीस म्हणाला, आणि हे त्या रस्त्यावर नेहमीचंच आहे, हेही म्हणाला. अगदी आपल्याकडं "एसटी लेट आहे" म्हणतात त्या सुरात.

पर्समध्ये ३४० युरो, दोन कार्डं, इथं राहण्याचा माझा परवाना, आणि रुमालात बांधलेलं घड्याळ. पोरीच्या तोंडाला क्रीम लावायचं म्हणून हातातून काढलं होतं, तेवढंच. कार्डं वीस मिनिटांत बंद केली. परवाना पोलिसांचा कागद दाखवून नवीन मिळाला, पण त्यात दीड महिना गेला. विम्यातून काही आलं नाही, गाडीचा विमा गाडीचा, आतल्या सामानाचा नव्हे. पोलिसाने एकेका वस्तूची किंमत विचारून फॉर्म भरला. घड्याळाशी आल्यावर मी गप्प झाले. चावीचं, एचएमटी जनता, बाबांनी पहिल्या पगारात घेतलेलं, मी इकडं येताना मिरज स्टेशनवर माझ्या हातात बांधलेलं. त्याने पेन वर धरून पुन्हा विचारलं. मी वीस युरो सांगितले.

आणि तुम्ही दर महिन्याला विचारता, "घड्याळ आलं का? इकडं घेऊन ये, हरभट रोडवरचा आपला घड्याळजी एका दिवसात देईल, स्प्रिंगच गेली असणार." मी म्हणते, इथला माणूस सुट्टीवर आहे. दोन वर्षं सुट्टीवर. तुम्हालाही कधीतरी शंका आलीच असेल.

त्या दिवशी आमचे पासपोर्ट वाचले ते आमच्या हुशारीमुळं नाही. ते डायपरच्या पिशवीत तळाशी होते, माझ्या पायाशी. चोराकडं अवजारं असतात, धाडस असतं, वेळ तेवढा नसतो. हाताला जे पहिल्यांदा लागेल ते तो उचलतो. म्हणून आता ज्या काही युक्त्या केल्यात, त्या सगळ्या त्याचा वेळ खाण्यासाठी आहेत. पुढच्या दोन्ही दारांना आतून पोलादी कुलूप बसवलंय. राहायच्या दाराचं मूळचं कुलूप अगदी कपाटाच्या लायकीचं, म्हणून बाहेरून एक जाड दांडा लावलाय. दिवसा तो आधाराला धरून चढायचं आणि जाताना आडवा फिरवून किल्ली लावायची. बाबा, गुडघ्यांमुळं तुम्हाला तो चढायलाच जास्त उपयोगी पडेल. रात्री पुढच्या दोन दारांच्या हँडलमधून ट्रकवाले माल बांधतात तसला पट्टा ताणून टाकतो. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आणि माझा सगळ्यांत आवडता, कारण तो बाहेरून दिसतो.

तिजोरी पण आहे. शाळेच्या वहीएवढी, सीटखालच्या लोखंडी खोक्याला चार बोल्टांनी जखडलेली. नुसती ठेवलेली तिजोरी म्हणजे चोराला उचलायला सोपा डबा. तिच्यात पासपोर्ट, एक जादा कार्ड, थोडे पैसे. आणि बाहेर ड्रॉवरमध्ये एक खोटं पाकीट, मुदत संपलेलं कार्ड आणि वीस युरो घातलेलं, चोराला काहीतरी मिळाल्यासारखं वाटून तो लवकर जावा म्हणून. पडद्यांवरून मात्र आमचं भांडण आहे. जावई म्हणतात, गाडी सोडून जाताना पुढचे पडदे लावायचे. मी म्हणते उघडे ठेवा, पुढचा कप्पा उघडा टाका, आत काही नाही हे दिसू दे. तुम्ही आलात की बाबांनी निकाल द्यावा.

खरं म्हणजे कुलपांपेक्षा गाडी कुठं उभी करतो ते जास्त महत्त्वाचं. हमरस्त्यावरच्या थांब्यावर आपण रात्री झोपणार नाही, कितीही पेंग आली तरी. फाटक असलेल्या कॅम्पिंगवर झोपायचं. मोठ्या शहरात गाडी न्यायचीच नाही, ती कॅम्पिंगवर ठेवून लोकलने जायचं. इथून बार्सिलोना सुमारे १२०० किलोमीटर, चार मुक्काम करत जाऊ. आणि वाटेत कुणी चाकाकडं, धुराकडं बोट दाखवलं तर लगेच थांबायचं नाही, वर्दळीच्या पंपापर्यंत हळूहळू न्यायची. थांबलोच तर एकाने उतरायचं आणि बाकीच्यांनी आतून दारं लावून बसायचं. आई, तू मदत करायला उतरशील, मला माहितीय. उतरायचं नाही.

तू पाठवलेला तो मेसेज मिळाला, चोर गाडीत गुंगीचा गॅस सोडतात आणि सगळे झोपले की लुटतात. ही अफवा इथं फार जुनी आहे. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने, रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने, मागंच सांगितलंय की बाहेरून खिडकीतून ईथर किंवा क्लोरोफॉर्म सोडून झोपलेल्यांना त्यांच्या नकळत बेशुद्ध करणं शक्य नाही. गाढ झोपेत लुटलं गेलं की माणसाला "आम्हाला गुंगी दिली" म्हणणं बरं वाटतं, एवढंच. आपल्या गाडीत गॅसचा अलार्म आहे, पण तो शेगडीच्या सिलिंडरसाठी. तो वाजला तर चोर नाही, दूध उतू जाऊन बर्नर विझलाय असं समजायचं आणि खिडक्या उघडायच्या.

आता पाटल्या. आई, २०१९ चा पूर आठव. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागात आपल्या जिन्याच्या पाचव्या पायरीला लागलं, आणि बोटवाला म्हणाला, माणशी एकच पिशवी. मी इकडं फोन कानाला लावून ऐकत होते. तू टीव्हीकडं बघितलं नाहीस, फ्रिजकडं नाही, लग्नातल्या पैठणीकडंही नाही. घराचे कागद, पेन्शनची फाइल, बाबांच्या गोळ्या प्लास्टिकमध्ये, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. दोन मिनिटांत बाहेर. इकडं येताना तशीच ये. त्या पिशवीत जे होतं ते घे, त्यात नव्हतं ते सांगलीत राहू दे.

सोनं लॉकरमध्ये ठेवा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की चोरी, आग, इमारत पडणं किंवा बँकेच्याच माणसाची लबाडी यात लॉकरमधलं गेलं तर बँक वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत देणं लागते. पूर-भूकंपाची जबाबदारी मात्र घेत नाही, म्हणून नदीकाठच्या शाखेपेक्षा विश्रामबागच्या लॉकरमध्येच, आणि वरच्या खणात प्लास्टिकच्या डब्यात. तांदळाच्या डब्यात नको! चोरांच्यासुद्धा आया असतात गं. आणि मंगळसूत्र काढ असं मी म्हणणार नाही, म्हणाले तर तू येणारच नाहीस. काळ्या पोतीतलं छोटं घाल, नाहीतर वन ग्रॅमचं. एवढं सांगूनही खरे दागिने आणायचेच असतील तर विमानतळावर निघण्याआधी कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं लागेल, नाहीतर परतताना हे आपलंच सोनं आहे हे सिद्ध करत बसा. त्या रांगेचं वर्णन ऐकूनच तू बेत बदलशील असं मला वाटतं.

बाबा, तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार मुद्दाम सुरू करावा लागतो. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतंच चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये तो चालू करा आणि मर्यादा कमी ठेवा. नोटांचं बंडल आणू नका, प्लीज. भारतातला मोबाइल नंबर इथं चालू राहील असं बघा, ओटीपी त्यावरच येणार. पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोंची एक प्रत मला पाठवली आहेच, एक कागदावर बॅगेत ठेवा. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांची तक्रार, मग आपला दूतावास, या क्रमाने सगळं होतं. मदतीला फोन ११२, आपल्याकडचाच नंबर. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पर्स गेली तर पर्स मिळते, तुमच्या त्याच गोळ्या कुठल्याशा फ्रेंच गावात रविवारी मिळणार नाहीत.

घराचं तुम्ही बघालच. फक्त फॅमिली ग्रुपवर "पाच आठवडे युरोप" असं तारखांसकट टाकू नका. फोटो परत गेल्यावर टाका, कुणाचं काही बिघडत नाही.

आणि एक काम. आजोबांची ती पांढरी बंडी आठवते, आतून खिसा असलेली, पंढरपूरला जाताना घालायचे ती? तसा चोरखिसा तुमच्या दोन बनियनना शिवून घ्या, डाव्या बाजूला, शर्टाच्या आत दिसणार नाही असा. पासपोर्ट साधारण पाच इंच बाय साडेतीन इंच असतो, तर शिंप्याला सहा बाय साडेचार सांगा आणि वर बटण नको, चेन लावायला सांगा. गाडीची दुसरी किल्ली त्यात तुमच्याकडं राहणार आहे. ती गाडीत ठेवायची नसते, आणि माझ्याकडं ठेवायला जावई आता तयार नाहीत.

येताना भडंग आणा, बेदाणे आणा. तूप आणि खव्याचं काही नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला इथं बंदी आहे.

घड्याळावरून रागवायचं असेल तर बाबा, मला वेगळा फोन करा. आईसमोर नको, ती माझी बाजू घेईल आणि मग तुम्हा दोघांचं होईल.

तुमची,
ताई

ता. क. पाटल्या हातातून निघत नसतील तर साबण लावून ओढत बसू नकोस आई, मागच्या वेळी सालटं निघालं होतं. खोबरेल लाव, हात थोडा वेळ वर धरून ठेव, आणि सकाळी उठल्या उठल्या काढ.