भाड्याच्या घरातील ओलीची जबाबदारी करारात लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींच्या याद्या वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. परंतु ज्या इमारती अशा कोणत्याही यादीत नाहीत, बाहेरून धडधाकट दिसतात, त्यांत भाड्याने राहणारी असंख्य कुटुंबे जून ते ऑक्टोबर ओल्या भिंती, कुबट वास आणि बुरशी यांच्याशी झगडत असतात, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. हा प्रश्न आज पूर्णपणे घरमालकाच्या चांगुलपणावर सोडलेला आहे. तो चांगुलपणावर न सोडता भाडेकराराच्या कागदावर आणावा, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी डोंबिवलीत अनेक वर्षे भाड्याच्या घरांत राहत आले आहे, त्यामुळे जे लिहीत आहे ते सोसून लिहीत आहे.

मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात कुटुंबे शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत घर बदलतात, कारण जूनमध्ये शाळा सुरू होतात. त्या दिवसांत भिंती उन्हाने खडखडीत वाळलेल्या असतात, आधीचा भाडेकरू गेल्यावर रंगाचा एक हात मारलेला असतो आणि एजंट घाईत असतो. ओलीची खूण दिसायला काही वावच नसतो. ती दिसते जुलैमध्ये, आणि तोपर्यंत डिपॉझिट देऊन झालेले असते, कराराची नोंदणी झालेली असते, लॉक-इनचा (म्हणजे मध्येच घर न सोडण्याच्या अटीचा) काळ चालू असतो आणि मुलांची शाळा सुरू झालेली असते. मालकाला फोन केला तर ‘पावसाळ्यात सगळीकडे असंच असतं, खिडक्या उघड्या ठेवत जा’ असे उत्तर मिळते. पुढे अकरा महिने संपताना मात्र त्याच भिंतींच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. भिंत आम्ही ओली केली नाही, पण तिचा खर्च आम्ही भरतो.

आमच्या सध्याच्या घरात बेडरूमची बाहेरची भिंत नैर्ऋत्येला आहे आणि मोसमी पावसाचा मारा थेट तिच्यावर होतो. आधी खिडकीच्या चौकटीखाली रंगाला फुगवटा आला, बोटाने दाबला की आत मऊ लागे. मग पोपडे सुटू लागले, त्यामागचा गिलावा भुसभुशीत होऊन रोज सकाळी फरशीवर बारीक भुकटी पडलेली दिसे आणि भिंतीला पांढरी खार फुटली. कपाट त्या भिंतीला टेकवून ठेवलेले होते. ते पुढे ओढले तेव्हा मागच्या प्लायवूडवर हिरवट-काळ्या ठिपक्यांची चादर पसरलेली होती, मुलाच्या जुन्या दप्तराच्या पट्ट्यांवर पांढरी लव आली होती आणि सासूबाईंच्या इरकली लुगड्याच्या घडीवर करडे डाग पडले होते. ते डाग निघाले नाहीत. मालकांनी तक्रार ऐकून घेतली आणि रंगारी पाठवला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. त्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली आणि आतून ओलरोधक रंग लावला. पुढच्या जोरदार पावसात त्या जागेपासून हातभर अंतरावर नवा फुगवटा आला.

असे होणारच होते, कारण पाणी ज्या बाजूने भिंतीत शिरते त्या बाजूनेच ते अडवावे लागते. बाहेरच्या गिलाव्याला गेलेली बारीक चीर, छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यातील फट, खिडकीच्या चौकटीभोवतीचे निघालेले सीलंट, यांतून पाणी आत येत असेल तर आतून लावलेला रंग ते थांबवू शकत नाही. तो फक्त पाण्याला दुसरी वाट शोधायला लावतो. ओल नेमकी कुठून येते हे ठरवल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे पैशांचा अपव्यय आहे. गच्चीचा कोबा फुटला असेल तर वरच्या मजल्याच्या छताला डाग पडतो. वरच्या घरातील नहाणी ट्रॅप (फरशीतील निचऱ्याचे तोंड) किंवा फरशीचे सांधे गळत असतील तर खालच्या बाथरूमच्या छताला बारमाही ओल राहते, पावसाचा तिच्याशी संबंध नसतो. वरच्या बाथरूमचा निचरा बुजवून त्यात रंग मिसळलेले पाणी एक दिवस साठवून ठेवले की या गळतीची खात्री करता येते. तळमजल्यावर पायाकडून भिंतीत चढणारी ओल ही आणखी वेगळी गोष्ट आहे.

बाहेरून पाझर नसतानाही बुरशी धरते हे मी नाकारत नाही. स्वयंपाकाची वाफ, गरम पाण्याच्या आंघोळी आणि घरात दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे यांतून हवेत बरेच पाणी येते आणि ते थंड भिंतीवर जमते. मशीनमधून पिळून काढलेले एका वेळचे कपडेसुद्धा वाळताना लिटर-दोन लिटर पाणी हवेत सोडतात. या भागाची जबाबदारी भाडेकरूची आहे: एग्झॉस्ट पंखा वापरावा, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, बाथरूमचे दार आंघोळीनंतर बंद ठेवून वाफ पंख्याने घराबाहेर जाऊ द्यावी. मात्र कोणाची ओल कोणती हे ओळखायला तज्ज्ञच लागतो असे नाही. संशयित जागा कोरडी पुसून तिच्यावर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले तर ओल भिंतीतून येत आहे, आणि खोलीकडच्या बाजूला जमले तर ती घरातील वाफ आहे. या साध्या चाचणीचा तारखेसह फोटो काढून ठेवला तर निम्मे वाद मिटतील असे मला वाटते.

राहिला खिडक्या उघड्या ठेवण्याचा सल्ला. थंड देशांत हिवाळ्यात बाहेरच्या हवेत बाष्प कमी असते, त्यामुळे खिडकी उघडल्याने घर कोरडे होते. कोकणपट्टीत जुलै महिन्यात बाहेरच्याच हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८५-९० टक्क्यांवर असते. ती हवा आत घेऊन भिंत वाळत नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की बुरशीला वाढायला तेवढे पुरते. पंख्याने हवा खेळती ठेवणे, उघडीप मिळाली की तेवढ्या वेळात दारे-खिडक्या उघडणे आणि एसी असल्यास तो ‘ड्राय’ मोडवर चालवणे याचा उपयोग होतो, पण पाझरणाऱ्या भिंतीवर यातला एकही उपाय चालत नाही.

बुरशी साफ करण्याबाबतही चुकीच्या समजुती फार आहेत. कोरड्या झाडूने किंवा घासणीने ती खरवडली तर तिचे बीजाणू खोलीभर उडतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसून घ्यावी, फडके टाकून द्यावे आणि जागा पूर्ण कोरडी करावी. ब्लीचने डाग फिका होतो, परंतु गिलाव्याच्या आत गेलेली बुरशी त्याने मरत नाही. आणि ब्लीच कधीही टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. डांबरगोळ्या वासावर वास चढवतात, ओल कमी करत नाहीत.

हा केवळ रंगाचा आणि कपड्यांचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, म्हणून घरात ओल टिकू देऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला. घरातील बुरशीच्या दीर्घ सान्निध्यामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो दगावला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तेथील चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती आणि त्यांना बुरशीवर रंग मारून घ्या असे सांगण्यात आले होते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण तोच सल्ला आपल्याकडे रोज दिला जातो. तेथे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि सामाजिक गृहनिर्माणातील घरमालकांना ओल-बुरशीच्या तक्रारींची चौकशी व दुरुस्ती ठरावीक मुदतीत करणे बंधनकारक झाले.

आपल्या कायद्यात काहीच नाही असे मात्र नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर, घर राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांश मर्यादेपर्यंत. अडचण अशी की हे संरक्षण ‘भाडेकरू’ला आहे, आणि आज भाड्याने घर घेणारा बहुतेक प्रत्येक जण लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नसून परवानाधारक असतो. मुदत संपल्यावर परवानाधारकाला बाहेर काढण्यासाठी मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा मार्ग आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला ठरलेल्या परवाना शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. ओल्या भिंतीसाठी परवानाधारकाने कोणाकडे जावे, याचे तितके सोपे उत्तर त्या कायद्यात नाही.

पण परवान्याचा मूळ कायदा वेगळा आहे. तो भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा होय, आणि त्याचे कलम ५७ फारसे कोणाला ठाऊक नाही. जागेतील जो दोष परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला अपायकारक ठरू शकतो, जो मालकाला माहीत आहे आणि परवानाधारकाला माहीत नाही, तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे, असे ते कलम सांगते. मागच्या पावसाळ्यात कोणती भिंत पाझरली हे मालकाला माहीत असते. ते सांगण्याची जागा मात्र करारात नसते. त्याच करारात पंखे किती, ट्यूबलाइट किती, गिझर चालू आहे की नाही, याची यादी अगदी काटेकोर असते.

सोसायट्यांबद्दलही लिहिणे भाग आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, तर एका घराच्या बाथरूममधून खालच्या घरात होणारी गळती संबंधित सभासदांनी निस्तरायची असते. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेते, पण ओलीची तक्रार घेऊन आम्ही कार्यालयात गेलो की ‘तुम्ही सभासद नाही, मालकाला पाठवा’ असे सांगितले जाते. मालक पुण्यात किंवा परदेशात असेल तर दोघांच्या मध्ये एक पावसाळा निघून जातो. ही ओल पुढे सळयांपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सुटते. म्हणजे भाडेकरूची तक्रार ही खरे तर सोसायटीला फुकट मिळालेली आगाऊ सूचना असते.

सगळे घरमालक धनदांडगे नसतात, हे मला मान्य आहे. निवृत्तीनंतर एका फ्लॅटच्या भाड्यावर घर चालवणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत, आणि सोसायटी दाद देत नाही म्हणून तेही हतबल असतात. करारात ओलीची नोंद झाली तर सोसायटीपुढे ठेवायला त्यांच्याही हाती एक नोंदणीकृत कागद येईल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे. हल्ली ही नोंदणी बहुतांशी ऑनलाइन होते, त्यामुळे कराराच्या नमुन्यात एक परिशिष्ट वाढवणे अवघड नसावे. मागील पावसाळ्यात घरात कोठे ओल किंवा गळती होती, त्यावर कोणती दुरुस्ती केव्हा केली, लेखी तक्रारीनंतर किती दिवसांत मालक किंवा सोसायटी काम सुरू करील, आणि ते न झाल्यास परवानाधारकाला लॉक-इन न पाळता घर सोडता येईल, एवढे त्यात असावे. बाहेरून आलेल्या ओलीमुळे खराब झालेल्या रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापता येणार नाही, हेही स्पष्ट लिहावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टातही मोठी बांधकाम दुरुस्ती, पाइप बदलणे आणि भिंतींची रंगसफेदी ही कामे मालकाच्याच बाजूला घातलेली आहेत. त्यामुळे ही मागणी अवाजवी आहे असे कोणी म्हणू नये.

भिंतींची बाहेरची कामे पाऊस थांबून भिंत वाळल्यावर आणि पुढचा पाऊस सुरू होण्याआधीच करता येतात, आणि बहुसंख्य करार एप्रिल-मे महिन्यांत होतात. म्हणून हे परिशिष्ट फेब्रुवारीअखेर नमुन्यात येणे गरजेचे आहे. आपल्या वृत्तपत्राने पुण्यातील नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाकडे या मागणीबाबत विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर वाचकांसाठी प्रसिद्ध करावे, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक भाडेकरू वाचक
डोंबिवली (पूर्व)