ब्रिस्टलहून मम्मीला

प्रिय मम्मी, दादा आणि वहिनी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी बरी आहे. खोकला गेला. फोनवर आवाज बारीक येतो तो नाईटमुळे, रडण्यामुळे नाही. चर्चच्या मंडळीतही जाते, ड्यूटीचा रविवार सोडून.

मम्मी, 'तिकडच्या म्हाताऱ्यांवर पगार उडवू नकोस' म्हणालीस. एक पाउंडही जात नाही गं. इथल्या म्हाताऱ्या बायकांना पेन्शन असते, साठीनंतर औषधं फुकट. नसतं ते माणूस. आमच्या मंडळीतल्या एका बाईंचे मिस्टर वारले, तर अंत्यविधीलाच तीन आठवडे लागले, आणि त्यानंतर कोणी फिरकेना.

म्हणजे जेवण येत होतं. ते कसं, ते ऐक. कुणाकडे दुःख झालं की मंडळीत यादी फिरते: सोमवारी कोण, बुधवारी कोण, बाईंना दूध चालतं का, मिरी चालते का. इथवर आपल्यासारखंच. पण त्यांच्या दाराबाहेर एक थंड पेटी ठेवलेली असते. जेवण त्यात ठेवायचं आणि बेल न वाजवता निघून यायचं! भांडं परत मागायचं नाही, म्हणून फेकून देता येईल असंच न्यायचं. मी विचारलं, बेल का नाही? तर म्हणे, त्या रडत असतील, आवरलेलं नसेल, मग त्यांना आपल्यासाठी चहा करावा लागेल. पप्पा गेले तेव्हा महिला मंडळ थेट स्वयंपाकघरात शिरलं होतं. तूही वैतागली होतीस की घटकाभर एकटी बसू देत नाहीत, तेव्हा यांचंही थोडं खरं असेल. पण मी बेल वाजवली. बाईंनी खिचडी म्हणजे काय ते विचारलं आणि मग दोन तास मिस्टरांच्या बोटीबद्दल बोलल्या. आता सुट्टी असली की जाते. नुसतं बसायचं. माझ्याजवळ कोण बसतं, असं म्हणू नकोस. वहिनी आहेत ना.

दादा, आता आई-वडील गेलेल्या सोनूचं. बोर्डिंगचा फॉर्म भरू नकोस. आजीची आई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आली, पंडिता रमाबाईंनी तिला वाढवलं, म्हणून आपण आहोत, हे मला पाठ आहे. रमाबाईंनी ज्यांचं वाचून हिंमत धरली ते जॉर्ज म्युलर इथे ब्रिस्टललाच काम करत. १८३६ मध्ये त्यांनी भाड्याच्या घरात ३० अनाथ मुली घेतल्या, आणि १८७० पर्यंत अॅश्ली डाउनच्या टेकडीवर पाच दगडी इमारती उभ्या राहिल्या, २,०५० मुलांची सोय. माणसांकडे कधी पैसे मागितले नाहीत, देवाकडे मागितले. मी बघून आले. तिथे आता कॉलेज आणि फ्लॅट आहेत. १९५८ मध्ये त्यांच्याच संस्थेने त्या इमारती विकल्या आणि मुलं लहान घरांमध्ये नेली. आता तर मुलं कुटुंबांतच ठेवतात. आमच्या मंडळीत एका जोडप्याकडे दोघं भावंडं आहेत. आधी सिटी कौन्सिलने त्या जोडप्याची कित्येक महिने चौकशी केली, पार नातेवाइकांना विचारलं. आता बाकीचे त्यांची इस्त्री करून देतात, कुणी मुलांना पोहायला नेतं. मूल एका घरात, भार सगळ्यांवर.

दुष्काळात हजारोंना घर नव्हतं. सोनूला मावशी आहे. मावशीला फक्त पैशांची भीती आहे, आणि ती खोटी नाही. तिला घेऊन जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जा, सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज कर. महिन्याला २,२५० मिळतात. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, सोनूचं आधार, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेव. पाळकसाहेबांनाही सांग, नाताळचं दान एकदाच ब्लँकेट वाटण्यात घालवू नका, शब्बाथशाळेतल्या एखाद्या घराने तिची शिकवणी घ्यावी. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माझं नाव घेऊ नकोस.

बाकीचे मी पाठवेन. १५ तारखेला चाळीस हजार येतील, त्यातले दहा मम्मीच्या गुडघ्याचे, ते सोनूकडे वळवायचे नाहीत. संगमनेरच्या स्थळाला नकार देऊ नका, होही म्हणू नका. मुलाला इकडे यायचंय की मला तिकडे न्यायचंय, एवढं विचारा.

आणि मम्मी, नाताळला येत नाही. रजा मिळत होती. तिकिटाचे पैसे सोनूच्या शाळेला ठेवलेत. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

तुमची,
बेबी