साथ संपल्याची बातमीही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक चौकट होती, 'आफ्रिकेत पुन्हा इबोलाचे थैमान'. खाली तीन परिच्छेद आणि डोक्यापासून पायापर्यंत पिवळा पोशाख चढवलेल्या माणसांचा फोटो. बातमी काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या कासाई प्रांताची होती, त्यातही बुलापे या एका आरोग्य विभागाची. ती साथ 1 डिसेंबर 2025 रोजी संपल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. एकूण 64 रुग्ण, त्यांतले 45 दगावले. ही बातमी आपण द्याल म्हणून मी आठवडाभर अंक चाळत होते. ओळसुद्धा आली नाही.

मी मूळची वाईची. पुण्यात एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षं काढली आणि आता युगांडाची राजधानी कंपालात एका आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या संपर्क विभागात काम करते. म्हणजे एजन्सीकडून तुमच्यापर्यंत जो मजकूर येतो, त्याच्या उगमापाशी बसते. रात्री पान सोडायची घाई असताना उरलेली जागा कशी भरली जाते, तेही मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे हे पत्र रागाचं कमी आणि आग्रहाचं जास्त आहे.

इबोलाची साथ आपोआप 'ओसरत' नाही, ती मोजून संपवावी लागते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त 21 दिवस जातात. शेवटच्या रुग्णाच्या लागोपाठ दोन तपासण्या निगेटिव्ह आल्या, की त्याच्या दुप्पट म्हणजे 42 दिवस मोजायचे. मध्ये एक जरी नवा रुग्ण सापडला, तरी मोजणी पहिल्यापासून. बुलापेतला शेवटचा रुग्ण 19 ऑक्टोबरला घरी गेला आणि तिथून हे दिवस सुरू झाले. या काळात संपर्कातल्या माणसांचा ताप घेणं, प्रत्येक संशयित मृत्यूचा नमुना तपासणं, गावोगाव फिरणं, सगळं चालूच असतं. फक्त बातमीदार निघून गेलेले असतात. 1976 पासूनची त्या देशातली ही सोळावी साथ होती. ती आटोक्यात आणण्याचा अनुभव आज जगात काँगोच्या डॉक्टरांइतका क्वचितच कुणाकडे असेल. 'थैमान' या मथळ्यातून वाचकाला यातलं काय कळणार?

आमच्या कंपालातही 30 जानेवारी 2025 ला साथ जाहीर झाली. मुलागो या राष्ट्रीय रुग्णालयातल्या एका परिचारकाचा मृत्यू झाला होता. हा सुदान विषाणू, म्हणजे इबोलाचाच भाऊबंद, आणि त्यावर मान्यताप्राप्त लस नाही. तरी घोषणेनंतर चार दिवसांत प्रायोगिक लशीची चाचणी सुरू झाली. इतक्या लवकर अशी चाचणी उभी राहिल्याचं उदाहरण सापडणं कठीण. 26 एप्रिलला साथ संपली तेव्हा संभाव्य धरून 14 रुग्ण आणि चार मृत्यू, एवढ्यावर ती थांबलेली होती. दाट वस्तीच्या राजधानीत! त्याची टिपणं पाठवणाऱ्यांत मीही होते. फेब्रुवारीत भारतातून दिवसभर फोन यायचे, एप्रिलच्या त्या शनिवारी एकही आला नाही.

आमच्या कामाविषयी थोडं सांगते, कारण 'संपर्क विभाग' म्हटलं की लोकांना फीत कापण्याचे फोटो आठवतात. सकाळी पहिलं काम अफवांची नोंद. रेडिओच्या फोन-इन कार्यक्रमात कुणी काय विचारलं, बोडा-बोडावाल्यांच्या, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांच्या अड्ड्यावर काय बोललं जातंय, व्हॉट्सअ‍ॅपवर कुठली ध्वनिफीत फिरतेय, हे सगळं एका तक्त्यात चढतं आणि दुपारपर्यंत त्यातल्या दोन-तीन गोष्टींना लुगांडा भाषेतून उत्तर जावं लागतं. आणि तेही डॉक्टरांच्या भाषेत चालत नाही. 2014 साली पश्चिम आफ्रिकेत सुरुवातीला 'या रोगावर औषध नाही' असा संदेश दिला गेला होता. खोटा नव्हता, पण लोकांनी सरळ हिशेब केला, की औषधच नाही तर माणसाला परक्या तंबूत कशाला मरू द्यायचं? रुग्ण घरातच ठेवले गेले आणि घरंच्या घरं आजारी पडली. पुढे 'लवकर आलात तर वाचण्याची शक्यता वाढते' असा संदेश आला. उपचार केंद्रांभोवतीच्या बंद ताडपत्र्यांच्या जागी आरपार दिसणारी कुंपणं आली, म्हणजे आई दिसते, हात हलवता येतो. अलीकडे काँगोत तर पारदर्शक भिंतींचे स्वतंत्र कक्षच वापरतात. नातेवाईक बाहेर खुर्ची टाकून बोलत बसतात. अशा कक्षाचा फोटो मी मराठी वर्तमानपत्रात अजून पाहिलेला नाही.

आता फोटोचा विषय निघालाच आहे. आपण छापलेल्या त्या चित्रात मागे एक पाटी दिसते, इंग्रजीत. काँगोत पाट्या फ्रेंचमध्ये असतात. तो फोटो बहुधा दहा-अकरा वर्षांपूर्वीचा, लायबेरिया किंवा सिएरा लिओनचा. आणि चौघांनी धरलेल्या त्या पांढऱ्या पिशवीत कुणाचं तरी माणूस आहे.

आमच्याकडे एक फोटो कसा निघतो ते पाहा. इबोलातून बरी झालेली एक बाई बोलायला तयार झाली. संमतीपत्र तिला लुगांडात मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "हा माझ्या बाजारात लागणार का?" ती टोमॅटो विकते. टोमॅटोला हात लावून बघणारी गिऱ्हाइकं तिचा चेहरा भिंतीवर दिसल्यावर दुसऱ्या टोपलीकडे वळणार, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. शेजारी बसलेल्या सासूचं म्हणणं वेगळं, की फोटो लावाच, म्हणजे सून बरी झाली हे लोकांना दिसेल. दोघींची बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं, फक्त हात, टोमॅटो रचताना. तिच्या मुलाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक फोटो तिला दाखवला, तिने दोन बाद केले. अख्खी दुपार गेली आणि हाती एक चित्र लागलं, नाव नाही, गाव नाही. संपादकांना ते 'फारसं बोलकं' वाटत नाही. आमचाही धंदा काही धुतल्या तांदळासारखा नाही. देणग्यांसाठी डोळ्यांवर माश्या बसलेल्या पोरांचे फोटो वर्षानुवर्षं छापले ते आमच्याच क्षेत्रातल्या संस्थांनी. तुमच्या डोळ्यांसमोर 'आफ्रिका' म्हटल्यावर जे येतं, त्यात आमचा वाटा मोठा आहे.

त्याआधीचा 'गूढ आजार' आठवत असेल. डिसेंबर 2024 मध्ये काँगोच्याच पांझी भागात ताप-खोकल्याने माणसं मरत असल्याची बातमी आली आणि आपल्याकडच्या वाहिन्यांनी 'डिसीज एक्स' म्हणून पडदा लाल करून टाकला. पांझी राजधानी किन्शासापासून सुमारे 700 किलोमीटर, पावसाळ्यात रस्ते असून नसल्यासारखे. नमुने पोचायलाच वेळ लागला. महिनाअखेर उत्तर आलं ते असं: नेहमीचे हंगामी श्वसनविकार, मलेरिया आणि या सगळ्याला बळ देणारं कुपोषण. त्यात गूढ काही नव्हतं. पोरं उपाशी होती आणि दवाखाना लांब होता. पण हे छापायला जागा नव्हती.

आणि कंपालात साथ जाहीर झाली त्याच दिवसांत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत होते. माझे इथले सहकारी काळजीने विचारायचे, घरचे बरे आहेत ना, पाणी उकळून पितात ना. 'आशियात जीवघेणा आजार' असं कुणी म्हणालं नाही. पुणे म्हटलं, फार तर पुण्याचा अमुक भाग. आफ्रिकेत 54 देश आहेत, किमान मथळ्यात त्यांतल्या एकाचं नाव तरी येऊ द्या.

याचा त्रास कुणाला होतो म्हणाल, तर माझ्या एका सहकाऱ्याचा पुतण्या तेव्हा पुण्यात शिकत होता. घर उत्तर युगांडात, कंपालापासून कितीतरी दूर आणि तो वर्षभर घरी गेलेलाही नव्हता. घरमालकाने त्याला डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं. कसला दाखला, ते डॉक्टरलाही कळेना. घरमालक वाईट माणूस नव्हता म्हणे, रोज पेपर वाचणारा होता.

याच पुण्याची एक बातमी मात्र आपल्या हातून निसटली. कंपालात 42 दिवसांची मोजणी चालू असताना, 2 एप्रिल 2025 ला उत्तर युगांडातल्या आपाच जिल्ह्यात मुलांना मलेरियाची लस द्यायला सुरुवात झाली. एका जुन्या अभ्यासात याच जिल्ह्यात माणसाला वर्षाकाठी मलेरियावाहक डासांचे दीड हजारांवर चावे बसत असल्याची नोंद आहे. ती आर-21 लस ऑक्सफर्डच्या संशोधनातून आली आणि बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. 2010 मध्ये बुर्किना फासोपासून दिली जाऊ लागलेली मेनिंजायटिस 'ए'ची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या एका प्रकाराची लसही तिथलीच. तिच्यामुळे सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यातून त्या प्रकारच्या साथी जवळपास नाहीशा झाल्या. बाटलीवरचं 'पुणे' वाचून इथल्या एका नर्सने मला विचारलं होतं, तुमचं गाव का? मी वाईचं अंतर सांगत बसले नाही, हो म्हणून टाकलं.

तेव्हा मागणं एवढंच. जिथे साथ आहे त्या देशाचं आणि जिल्ह्याचं नाव मथळ्यात घ्या. फोटोखाली ठिकाण आणि साल छापा. ते माहीत नसेल तर नकाशा टाका, तो जास्त उपयोगी पडतो. आणि सुरुवात जिथे छापली, त्याच पानावर शेवटाला निदान चार ओळी द्या. साथ संपल्याची टिपणं तुमच्या एजन्सीकडे येतातच. मराठीत हवी असतील तर मी करून देईन. आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तुम्ही रात्री साडेदहाला पान लावत असता तेव्हा इथे आठ वाजलेले असतात आणि मी बहुतेक वेळा ऑफिसातच असते.

आपली,
एक वाचक
कंपाला, युगांडा