इम्प्लांटभोवतीच्या हिरडीबद्दल वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझी आई 63 वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला दोन दाढांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप, असे बसवले. 64,000 रुपये लागले, त्यातले निम्मे पतसंस्थेतून उचलले. पहिलं वर्ष बरं गेलं. मग तिथं ब्रश लागला की आई कळवळायला लागली. दुखतं म्हणून तिनं त्या बाजूला घासणंच सोडलं. घासणं सुटलं तशी हिरडी सुजली, रक्त यायला लागलं. जिथं इम्प्लांट बसवले होते तिथं दोनदा गेलो. "स्क्रू घट्ट आहे, नीट घासत जा," एवढंच सांगून दोन्ही वेळा परत पाठवलं.

शेवटी एका शासकीय दंत महाविद्यालयाच्या हिरडी विभागात केसपेपर काढला. तिथं एम.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण, करणाऱ्या डॉक्टर मुलीनं आईचा गाल बोटानं अलगद बाहेर ओढला आणि मला म्हणाली, "ताई, इथं बघा." गाल ओढला की कॅपच्या कडेची हिरडीही त्याबरोबर हलत होती. लाल, पातळ, ओठाच्या आतल्या बाजूसारखी. शेजारच्या आईच्या स्वतःच्या दाताभोवती मात्र फिकट गुलाबी, घट्ट कातडीचा पट्टा होता आणि गाल कितीही ओढला तरी तो जागचा हलत नव्हता. तीन वर्षांत हे आम्हाला कुणीच दाखवलं नव्हतं. बोटानं गाल ओढायला यंत्र लागत नाही, साहेब.

आपल्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. टायटॅनियमच्या स्क्रूत ते तसे रुतत नाहीत, त्याला समांतर राहतात. दाताच्या मुळाभोवती जो पडदा असतो, तो इम्प्लांटला नसतो, त्यामुळे त्यातून येणारं रक्तही तिथल्या हिरडीला मिळत नाही. अशा जागी कडेची कातडी सैल असली की घासताना दुखतं, घाण साचते. सूज हाडापर्यंत उतरली की स्क्रूभोवतीचं हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड परत आणणं फार अवघड. घट्ट हिरडी निदान 2 मिलिमीटर रुंद असावी असं मानणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्याहून कमी असूनही नीट स्वच्छता ठेवणाऱ्यांचं वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, असं म्हणणारेही आहेत. म्हणून प्रत्येकाला घट्ट हिरडी लावण्याची शस्त्रक्रिया कराच, असं मी म्हणत नाही. हिरडी आधी तपासा आणि पैसे घेण्याआधी सांगा, एवढंच मागते आहे.

आईवर जी शस्त्रक्रिया झाली तिला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. टाळूवरची कातडी घेऊन इम्प्लांटपाशी लावायची. डॉक्टर समजावत होत्या तेव्हा आईनं मध्येच विचारलं, "म्हणजे बोरीला डोळा भरतात तसं का?" बोरीवर दुसऱ्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, बांधून कलम करतात, अगदी तसंच होतं. टाक्याच्या दोऱ्याचं पाकीट असतं, त्याच्या चंदेरी कागदाचा जागेच्या मापाचा तुकडा कापला, तो टाळूवर ठेवून तेवढीच कातडी काढली. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. ती खाली बसवून बारीक टाके घातले. पहिले काही दिवस त्या तुकड्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, खालून पाझरणाऱ्या द्रवावर तो जगतो. म्हणून तो हलता कामा नये. डोळा बांधताना सैल राहिला तर वाळतो, हे आईला कुणी शिकवायची गरज नव्हती. दहा दिवस ती बोलायचीसुद्धा तोंड मिटून. गार केलेली नाचणीची आंबील आणि मऊ भात. टाळूची जखमच जास्त दुखली. तिसऱ्या आठवड्यात तिनं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. आज तिथं घट्ट गुलाबी पट्टा आहे आणि आई रोज दोन वेळा न कळवळता घासते.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. माझ्या आईनं चाळीस वर्षं मिश्री लावली. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, सकाळी उठल्याबरोबर बोटानं हिरड्यांना. आमच्या भागात पन्नाशीपुढच्या किती बायका लावतात हे मी आपल्याला काय सांगावं! 2016-17 च्या पाहणीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू घेत होते. गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण मिश्री चुलीवर घरीच तयार होते. तंबाखू ज्या जागी रोज लागते तिथली हिरडी खाली सरकते, आणि निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात म्हणून जखमही नीट भरत नाही. इम्प्लांट बसवण्याआधी आईला शुगर विचारली, बीपी विचारला. मिश्री विचारली नाही. ती शासकीय महाविद्यालयात पहिल्या पाच मिनिटांत विचारली, आणि न रागावता. शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी आईनं डबी माझ्या हातात दिली.

मंत्रिमहोदय, जानेवारी 2021 मध्ये शासनानं शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. खाटा नसलेला दाताचा दवाखाना सहसा त्या नियमांत येत नाही. इम्प्लांटसाठी तरी वेगळा आदेश काढा. सही घेण्याआधी रुग्णाला मराठीत एक पान द्यायचं. त्यात घट्ट हिरडी किती आहे, तंबाखू-मिश्रीची सवय आहे का, पुढे हिरडीची शस्त्रक्रिया लागू शकते का, लागली तर खर्च किती, आणि तपासणीला कधी यायचं, हे लिहिलेलं असावं. सोबत इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असलेलं कार्ड. युरोपात असं कार्ड कायद्यानंच मिळतं.

आणि आपल्या अखत्यारीतल्या मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, बाहेर इम्प्लांट बसवून आलेल्यांसाठी हिरडी विभागात आठवड्यातून एक दिवस ठेवा. हे काम करणारे हात तिथं आहेत, मी ते पाहिले आहेत. पण आमच्यासारख्यांना तिथं जायचं असतं हेच कुणी सांगत नाही. शिवाय सांगोल्याहून निघालेल्या माणसाचे प्रवासातच दोन दिवस जातात, म्हणून सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात महिन्यातून एकदा तरी हे डॉक्टर यावेत.

आईची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. शासकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला विचारलं होतं, स्क्रू कुठल्या कंपनीचा, कॅप सैल झाली तर कुठला पाना लागेल? आम्ही पहिल्या दवाखान्यात तीन फोन केले. उत्तर अजून आलेलं नाही.

आपली नम्र,
सांगोला तालुक्यातील एक शिक्षिका